स्वतःच्या जोडण्या बदलत शिकणारी, मेंदूच्या धर्तीवरची संगणकीय जाळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. त्यात अभियांत्रिकीची मुलंमुली आहेत, विज्ञान शिकवणारे काही जण आहेत आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग चालवणारे दोघं-तिघं कारखानदारही आहेत. या विषयावर तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. पायथनची तोंडओळख आणि बारावीचं गणित असेल तर सगळं समजेल. ते नसेल तरी आकड्यांचा भाग सोडून बाकीचं वाचता येईल.

ही मॉडेल म्हणजे नेमकं काय?

मेंदूतल्या एका न्यूरॉनकडून दुसऱ्या न्यूरॉनकडे संदेश जातो तो सिनॅप्समधून. ही जोडणी कायम सारख्या ताकदीची नसते. वापरानुसार ती घट्ट होते, सैल पडते, काही जोडण्या नाहीशा होतात आणि काही नव्याने फुटतात. या गुणधर्माचं गणित करून तो संगणकात उतरवला की आपल्या विषयाची मॉडेल तयार होतात. त्यांत न्यूरॉन असतात, त्यांच्यामध्ये जोडण्या असतात आणि प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो, त्याला आपण वेट किंवा ताकद म्हणू. महत्त्वाची गोष्ट अशी की हा आकडा बदलण्याचा नियम जोडणीपाशीच असतो. आपल्या दोन टोकांना काय चाललंय एवढंच जोडणीला दिसतं आणि तेवढ्यावरच ती स्वतःला बदलते.

चॅटबॉटमध्येही न्यूरल नेटवर्कच असतं. मग यात वेगळं काय?

शिकण्याची वेळ आणि शिकण्याची जागा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

नेहमीच्या नेटवर्कचं शिकणं एकदा, मोठ्या डेटा सेंटरमध्ये उरकलं जातं. चूक किती झाली ते शेवटच्या थरावर मोजतात, मग ती उलट दिशेने थराथरांतून मागे नेत प्रत्येक वेट किती बदलायचं ते ठरवतात. याला बॅकप्रोपगेशन म्हणतात. १९८६ मध्ये रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधामुळे ही पद्धत सर्वत्र पोहोचली. शिकणं संपलं की वेट गोठवतात आणि मॉडेल वापरायला देतात. आपल्याकडच्या जॅकार्ड मागावर चढवलेल्या कार्डांसारखंच हे आहे. नक्षी एकदा पंच केली की चादर कितीही विणा, कार्डावरचं भोक हलत नाही.

आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या जाळ्यांत वापर आणि शिकणं यांच्यात अशी भिंत नसते. काम चालू असताना जोडण्या बदलत राहतात, आणि त्यासाठी सगळ्या जाळ्याचा हिशोब एका ठिकाणी गोळा करावा लागत नाही. हा मोठा फायदा आहे आणि खरा धोकाही इथेच आहे. त्याबद्दल मागाच्या उदाहरणात सविस्तर लिहिलं आहे. हे पान वरवर चाळणाऱ्यांनी निदान तो भाग तरी नीट वाचावा.

जोडणी बदलते म्हणजे चिपमधली तार हलते का?

नाही. बहुतेक वेळा मेमरीतला एक आकडा बदलतो, एवढंच. मेमरिस्टर नावाच्या घटकात मात्र खरोखर भौतिक बदल होतो. त्यातून किती वीज गेली यावर त्याचा विद्युतरोध बदलतो आणि वीज बंद केल्यावरही तो तसाच टिकतो. असा घटक असू शकतो हे लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये गणिताने मांडलं होतं. २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने तसं उपकरण दाखवल्याचं जाहीर केलं.

या कल्पनेची सुरुवात कुणी केली?

न्यूरॉनचं पहिलं सोपं गणिती रूप १९४३ मध्ये मॅकलक आणि पिट्स यांनी दिलं. पण त्यात जोडण्या स्थिर होत्या. जोडणीने स्वतःहून शिकावं हा विचार कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये स्पष्ट मांडला. एक न्यूरॉन दुसऱ्याला पेटवण्यात, म्हणजे संदेश पाठवायला लावण्यात, वारंवार हातभार लावत असेल, तर त्या दोघांमधली जोडणी बळकट होते, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी हा निव्वळ तर्क होता.

पुरावा यायला जवळपास पाव शतक गेलं. टिमोथी ब्लिस आणि तेरिए लोमो यांनी सशाच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागातल्या तंतूंना झटपट उत्तेजना दिल्या. त्यानंतर तिथल्या जोडण्यांचा प्रतिसाद तासन्‌तास वाढलेला राहतो, हे त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे १९९७ मध्ये हेन्री मार्कराम आणि सहकाऱ्यांनी, आणि १९९८ मध्ये बी आणि पू यांनी, त्याहून बारीक गोष्ट दाखवली. दोन्ही न्यूरॉन पेटले एवढंच पुरत नाही, आधी कोण पेटला यावर जोडणी घट्ट होणार की सैल हे ठरतं. माझ्या मते या विषयातला सर्वात सुंदर प्रयोग हाच. काही मिलिसेकंदांच्या फरकाने एकाच जोडणीचं नशीब उलटतं.

स्पाइक म्हणजे काय?

न्यूरॉनच्या आतबाहेर विजेच्या दाबाचा फरक असतो. तो शांत असताना साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतो. इतरांकडून संदेश आले की हा दाब वर सरकतो, संदेश थांबले की पुन्हा मूळ पातळीकडे गळत येतो. वर सरकता सरकता तो उणे ५०-५५ च्या आसपासचा उंबरठा ओलांडतो तेव्हा न्यूरॉन एक झटका पुढे पाठवतो आणि लगेच खाली येतो. हा झटका म्हणजे स्पाइक. तो साधारण एक मिलिसेकंद टिकतो. त्याची उंची जवळजवळ ठरलेली असते, त्यामुळे माहिती असते ती स्पाइक कधी आला आणि किती वेळा आला यात.

हॉजकिन आणि हक्सले यांनी स्क्विडच्या जाड तंतूवर प्रयोग करून या झटक्याचं संपूर्ण गणित १९५२ मध्ये मांडलं आणि त्यासाठी त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं. रोजच्या कामाला एवढं सविस्तर गणित लागत नाही. गळती, बेरीज आणि उंबरठा एवढ्या तीन गोष्टींचं सोपं मॉडेल पुरतं, आणि ते पायथनच्या दहा-बारा ओळींत बसतं.

एका जोडणीचं गणित आकडे घालून दाखवाल का?

जरूर. आधी कोण पेटला यावर चालणाऱ्या नियमाला एसटीडीपी म्हणतात. अलीकडचा न्यूरॉन 'क', पलीकडचा 'ख', आणि मधल्या जोडणीची ताकद ०.५० धरा.

'क' चा स्पाइक १० व्या मिलिसेकंदाला आला, 'ख' चा १५ व्या. म्हणजे 'क' आधी आणि अंतर ५. 'ख' ला पेटवण्यात 'क' चा वाटा असण्याची शक्यता आहे, म्हणून ताकद वाढवायची. वाढ काढताना कमाल वाढ ०.०१ घेतात आणि तिला ई च्या उणे (५ भागिले २०) या घाताने गुणतात. यातले २० मिलिसेकंद म्हणजे वेळेची खिडकी: किती अंतरापर्यंतच्या घटनांचा संबंध धरायचा, ते त्यावरून ठरतं. हा गुणक ०.७७९ येतो, म्हणून वाढ ०.००७८ आणि नवी ताकद ०.५०७८.

आता उलट धरा. 'ख' १० व्या मिलिसेकंदाला पेटला, 'क' १५ व्या. 'ख' पेटण्याशी 'क' चा संबंध नव्हता, म्हणून ताकद कमी करायची. कमाल घट ०.०१२ घेतली तर प्रत्यक्ष घट ०.००९३ आणि नवी ताकद ०.४९०७.

दोन स्पाइकमध्ये ६० मिलिसेकंदांचं अंतर असेल तर गुणक ०.०५ च्या आसपास येतो आणि बदल ०.०००५ एवढाच होतो. म्हणजे फार लांबच्या घटनांचा एकमेकींशी संबंध नाही असं जोडणी मानते.

कमाल घट वाढीपेक्षा थोडी जास्त का ठेवली, हे बरेच जण विचारतात. कसाही, कधीही येणारा गोंगाट असेल तर वाढ आणि घट साधारण सारख्याच वेळा होतात. घट किंचित मोठी असली की अशा जोडण्या आपोआप झिजत जातात आणि ज्यांच्या वेळेत खरा संबंध आहे त्याच टिकतात. सॉंग, मिलर आणि अॅबट यांनी २००० मध्ये हे दाखवून दिलं.

हेबचा मूळ नियम तसाच वापरला तर?

जाळं काही वेळात निकामी होतं. ताकद वाढली की न्यूरॉन जास्त पेटतो, जास्त पेटला की ताकद आणखी वाढते, याला अंत नाही. शेवटी सगळ्या जोडण्या कमाल मर्यादेला जाऊन चिकटतात आणि प्रत्येक संदेशाला एकच उत्तर मिळतं. नवशिक्यांच्या प्रयोगात हे हमखास दिसतं.

यासाठी लगाम लागतो. फिनलंडचे एर्की ओया यांनी १९८२ मध्ये वाढीच्या सूत्रातच वजाबाकीचं एक पद घातलं. पलीकडचा न्यूरॉन जितका जोरात पेटेल तितकं ते पद मोठं होतं, त्यामुळे एकूण ताकद आपोआप मर्यादेत राहते. त्याच वर्षी बीनेनस्टॉक, कूपर आणि मनरो यांनी वाढ आणि घट यांच्यामधला उंबरठाच सरकता ठेवला. न्यूरॉन बराच काळ जास्त पेटत असेल तर ताकद वाढणं अवघड होत जातं. आणि खुद्द मेंदूत काय होतं, तर १९९८ मध्ये जिना टुरिजियानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशींचं पेटणं दाबून ठेवलं तर त्यांच्या सगळ्या जोडण्या एकाच प्रमाणात वाढतात, आणि पेटणं फार वाढवलं तर सगळ्या त्याच प्रमाणात उतरतात. कोणती जोडणी कुणापेक्षा घट्ट, हे नातं त्यामुळे बिघडत नाही.

कुठलंही मॉडेल वाचताना आधी त्यातला लगाम शोधा. वाढीचा नियम सगळे मोठ्या अक्षरांत लिहितात. मॉडेल चालतं ते मात्र लगामामुळे.

वेळेची खिडकी २० मिलिसेकंदांचीच घ्यायची का?

नाही, आणि इथे बरेच प्रोजेक्ट अडकतात. २० मिलिसेकंद ही उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगांतून आलेली संख्या आहे. तुमच्या कामातल्या घटना किती अंतराने घडतात हे आधी मोजा, मग खिडकी ठरवा. पुढच्या उत्तरात याचं उदाहरण आहे.

सोलापुरात याचा प्रत्यक्ष उपयोग काय होऊ शकतो?

आमच्या गटात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती यंत्रमागावर. त्यामुळे तेच सविस्तर सांगतो.

धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यावर चालणारा माग घ्या. समजा तो मिनिटाला १२० वेळा आडवा धागा टाकतो, म्हणजे एक फेरी ५०० मिलिसेकंदांची. प्रत्येक फेरीत ठरलेल्या क्रमाने घटना घडतात. उभे धागे वरखाली होऊन वाट उघडते, पिकर धोट्याला मारतो, धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन बसतो, फणी येऊन आडवा धागा ठोकते. पिकर मारल्यापासून धोटा पेटीत बसेपर्यंत या वेगाला साधारण २०० मिलिसेकंद जातात असं धरू. अनुभवी जॉबर, म्हणजे माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर, मागाजवळून जाताना नुसत्या आवाजावरून सांगतो की पिकर झिजलाय किंवा धोटा उशिरा पोचतोय. हीच गोष्ट मागावर बसवलेल्या एका छोट्या उपकरणाने करावी, असं उद्दिष्ट ठेवू.

मायक्रोफोन इथे उपयोगाचा नाही. शेडमध्ये शेजारी शेजारी डझनावारी माग धडधडत असतात, सगळ्यांचा आवाज एकत्र येतो. कंपन मोजणारा सेन्सर थेट मागाच्या सांगाड्यावर घट्ट बसवला तर त्या एका मागाचे ठोके वेगळे मिळतात. कंपनाने ठरावीक पातळी ओलांडली की एक स्पाइक, अशी सोय करायची. शिवाय मुख्य शाफ्टवर एक लोहचुंबक आणि त्यासमोर सेन्सर लावून दर फेरीला एक स्पाइक घ्यायचा. हा दुसरा सेन्सर अनेक जण विसरतात. दुपारी व्होल्टेज उतरलं की मोटर हळू होते आणि सगळ्याच घटना एकत्र उशिरा येतात. तो बिघाड नव्हे. फेरीचा स्पाइक हाताशी असेल तर जाळ्याला हे ओळखता येतं.

आता खिडकी. पिकर आणि धोट्याची पेटी यांच्यात २०० मिलिसेकंदांचं अंतर आहे. पुस्तकातली २० ची खिडकी घेतली तर घात उणे १० येतो आणि वाढ कमालीच्या वीस हजाराव्या भागाहून जास्त होत नाही. म्हणजे जाळ्याला या दोन घटनांचा संबंध कधीच कळणार नाही. खिडकी २०० ची केली तर घात उणे १ येतो आणि वाढ कमालीच्या ३७ टक्के होते. किंवा सेन्सरचा स्पाइक वेगवेगळ्या ठरावीक उशिराने पुढे पाठवणाऱ्या अनेक जोडण्या ठेवायच्या, आणि त्यांतली नेमक्या उशिराची जोडणी शिकता शिकता पुढे येऊ द्यायची. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण कोणती जोडणी जिंकली ते पाहिलं की मागाची वेळ सरळ वाचता येते.

स्थिर वेटचं तयार मॉडेल इथे का चालत नाही? कारण प्रत्येक माग वेगळा असतो. वय वेगळं, पाया वेगळा, सुताचा काउंट, म्हणजे जाडी, वेगळी. आज चादर तर पुढच्या महिन्यात टॉवेल. एका मागावर शिकवलेलं मॉडेल शेजारच्या मागावर उगाच बोंब मारतं. म्हणून त्या त्या मागावर बसून शिकणाऱ्या जाळ्याची गरज आहे.

आणि आता धोका. समजा पिकर हळूहळू झिजतोय आणि धोटा रोज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतोय. महिन्याभरात हा फरक १५ मिलिसेकंदांवर जातो. जाळं सतत शिकत असेल तर तेही रोज अर्धा मिलिसेकंद सरकत राहील आणि एकदाही इशारा देणार नाही. बिघाडच त्याच्या अंगवळणी पडेल. ज्या गुणासाठी आपण हे जाळं निवडलं, तोच गुण इथे आपल्या विरुद्ध काम करतो. म्हणून जोडण्या बदलतात की नाही यापेक्षा, त्या कधी बदलू द्यायच्या आणि हे कुणी ठरवायचं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र वापरावेत. पहिला, शिकण्याला परवानगी लागावी. जोडणीने आपल्याला काय बदलायचं आहे त्याची कच्ची नोंद ठेवायची, पण वेट लगेच बदलायचं नाही. जॉबरने माग तपासला आणि 'ठीक आहे' हे बटण दाबलं की मगच नोंद पक्की करायची. मेंदूतही असं काही घडतं असं मानण्याला आधार आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून दिसलं की अपेक्षेपेक्षा चांगलं काही मिळालं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात पेटतात. ही एकूण परिस्थितीची खबर असंख्य जोडण्यांना एकदम मिळते. अलीकडचा न्यूरॉन, पलीकडचा न्यूरॉन आणि ही खबर, अशा तीन गोष्टींवर चालणाऱ्या नियमांना तीन घटकांचे नियम म्हणतात. आपल्या मागावर तिसरा घटक जॉबर आहे.

दुसरा उपाय म्हणजे, जॉबरने मंजूर केलेल्या दिवसाची वेट जपून ठेवायची आणि कच्च्या नोंदीसकट आजची वेट त्यांच्यापासून किती लांब गेली ते रोज मोजायचं. हळूहळू एकाच दिशेने सरकणाऱ्या जोडण्या म्हणजे झीज. एका दिवसात उडी मारून नव्या जागी स्थिरावलेल्या जोडण्या म्हणजे बहुधा सूत किंवा नक्षी बदलली. एकेका ठोक्यापेक्षा जोडण्यांच्या या सरकण्यातून जास्त कळतं.

यात जॉबरचं काम जात नाही. उलट त्याच्या कानावर बेतलेलं आणि त्याच्या होकारावर चालणारं हे उपकरण आहे. कारखानदारांनी ते तसंच मांडावं, असा माझा आग्रह आहे.

नवं शिकताना जुनं पुसलं जातं का?

हो, हा जुना आणि अवघड प्रश्न आहे. १९८९ मध्ये मॅकक्लॉस्की आणि कोहेन यांनी दाखवलं की एक काम शिकलेल्या जाळ्याला लगेच दुसरं शिकवलं तर पहिलं जवळजवळ पूर्ण पुसलं जातं. २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कंपनीतल्या गटाने मेंदूवरून सुचलेला एक मार्ग दिला. जुन्या कामासाठी ज्या जोडण्या महत्त्वाच्या होत्या त्या कडक करायच्या, त्यांना सहज हलू द्यायचं नाही आणि बाकीच्या मोकळ्या सोडायच्या. याने फरक पडतो, पण प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. आपल्या मागावर तर सोपा उपाय आहे: चादरीची आणि टॉवेलची वेट वेगवेगळी साठवा.

जोडण्या नव्याने तयार होतात आणि तुटतात, तेही मॉडेलमध्ये असतं का?

असतं. बाळाच्या मेंदूत आधी जोडण्या भराभर वाढतात आणि नंतर त्यांची छाटणी होते. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये माणसाच्या मेंदूत त्या प्रत्यक्ष मोजून हे मांडलं. मॉडेलमध्ये ठरावीक काळाने सगळ्यात कमकुवत जोडण्या काढून टाकतात आणि तेवढ्याच नव्या, कुठेही, घालून पाहतात. ज्या उपयोगी पडतात त्या टिकतात. मेमरी कमी असलेल्या चिपवर याचा मोठा फायदा होतो.

मेंदू बॅकप्रोपगेशनने शिकतो का?

त्या रूपात शिकत असेल असं वाटत नाही. चूक मागे नेताना पुढे जाणाऱ्या जोडण्यांची नेमकी ताकद उलट वाटेवरही माहीत असावी लागते, आणि सिनॅप्स तर एकाच दिशेने चालतो. २०१६ मध्ये लिलिक्रॅप आणि सहकाऱ्यांनी एक चकित करणारी गोष्ट दाखवली. उलट वाटेवर कोणतेही स्थिर आकडे ठेवले तरी जाळं शिकतं, कारण पुढची वेट हळूहळू त्या आकड्यांशी जुळवून घेतात. मेंदू नेमकं काय करतो यावर अजून संशोधन चालू आहे.

अचूकता कमी असते, हे खरं का?

अनेक कामांत खरं आहे. हस्ताक्षरातले आकडे ओळखण्याच्या एमनिस्ट या प्रसिद्ध संचावर डील आणि कुक यांनी २०१५ मध्ये फक्त एसटीडीपीने, उत्तरं न सांगता, ६४०० न्यूरॉन वापरून ९५ टक्के अचूकता मिळवली. चित्रांसाठी नेहमी वापरलं जाणारं कन्व्होल्यूशन नेटवर्क त्याच संचावर ९९ च्या पुढे जातं. अलीकडे स्पाइकच्या जाळ्यांनाही बॅकप्रोपगेशनसारख्या पद्धतीने शिकवतात. स्पाइकच्या खड्या पायरीला उतार नसतो, म्हणून शिकवताना तिच्या जागी गुळगुळीत वक्र धरतात. त्याने अचूकता बरीच वाढते, पण जागेवर शिकण्याचा गुण त्यात उरत नाही.

डाळिंबावरचा तेल्या ओळखायला हे वापरावं का?

पानाचा किंवा फळाचा फोटो काढून रोग ओळखायचा असेल तर नको. स्थिर चित्रात वेळेची माहितीच नसते, आणि तिथे नेहमीचं नेटवर्क सरस आहे. स्पाइकच्या जाळ्याची खरी जागा वर्षभर बॅटरीवर शांतपणे ऐकत किंवा पाहत राहायच्या कामात आहे. नान्नजच्या माळरानावर पक्ष्यांचे आवाज टिपणारं, सौर पट्टीवर चालणारं यंत्र कुणी करणार असेल, तर मी त्याला हाच मार्ग सुचवेन.

वीज खरंच कमी लागते का?

लागते, पण कारण समजून घ्या. आजच्या संगणकात हिशोब एकीकडे आणि मेमरी दुसरीकडे असते. २०१४ मध्ये मार्क होरोविट्झ यांनी ४५ नॅनोमीटर तंत्राचे जे आकडे मांडले त्यानुसार ३२ बिटांची एक बेरीज करायला सुमारे ०.१ पिकोज्यूल लागतात, पण तेवढाच आकडा बाहेरच्या मेमरीतून आणायला ६४०. सगळा खर्च ने-आण करण्यातच जातो. मेंदूच्या धर्तीवरच्या चिपमध्ये वेट न्यूरॉनपाशीच असतात आणि स्पाइक आला तरच काम होतं, नाहीतर तो भाग शांत राहतो. माणसाचा मेंदू सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन घेऊन २० वॅटच्या आसपास चालतो.

मात्र हीच मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालवली तर वीज वाचत नाही, उलट जास्त लागू शकते. लॅपटॉपवर सिम्युलेशन करून वीज वाचल्याचा दावा प्रोजेक्टमध्ये करू नका.

अशा चिप मिळतात का? भारतात काय चाललंय?

हे क्षेत्र कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात उभं केलं. आयबीएमची ट्रूनॉर्थ २०१४ मध्ये आली. तिच्यात १० लाख न्यूरॉन आणि २५.६ कोटी जोडण्या होत्या आणि ती सुमारे ७० मिलिवॅटवर चालत असे. पण तिच्यात वेट बाहेरून भरावी लागत, चिप स्वतः शिकत नसे. इंटेलच्या २०१७ मधल्या लोइही चिपमध्ये शिकण्याचे नियम चिपवरच लिहिता येतात. तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या ११५२ चिप जोडून २०२४ मध्ये १.१५ अब्ज न्यूरॉनची हाला पॉइंट ही यंत्रणा उभी राहिली. मँचेस्टर विद्यापीठाचं स्पिनेकर हे दहा लाख गाभ्यांचं (प्रोसेसर कोरचं) यंत्र २०१८ मध्ये सुरू झालं.

आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २०२४ मध्ये रेणूंच्या पातळीवरचं मेमरिस्टर दाखवलं. एकाच घटकात १६,५०० च्या आसपास वेगवेगळ्या पातळ्या साठवता येतात. मुंबईच्या आयआयटीतही या विषयावर काम चालतं.

माझा लॅपटॉप साधा आहे, जीपीयू नाही. सुरुवात कुठून करू?

स्पाइकची जाळी संगणकावर चालवून पाहण्याच्या ब्रायन २ या सॉफ्टवेअरपासून. पायथनमध्ये पिपने बसतं, मोफत आहे आणि त्यात न्यूरॉनचं समीकरण जवळजवळ वहीत लिहितो तसंच लिहिता येतं. काही हजार न्यूरॉन साध्या लॅपटॉपवर आरामात चालतात. नंतर न्यूरल नेटवर्कसाठीचं पायटॉर्च येत असेल तर त्यावर बेतलेलं, स्पाइकच्या जाळ्यांसाठीचं एसएनएनटॉर्च पाहा.

पहिल्यांदा एकच न्यूरॉन चालवा आणि दाबाचा आलेख काढा. मग दोन न्यूरॉन आणि एक जोडणी घेऊन वर दिलेलं ०.५०७८ हे उत्तर मिळतं का ते ताडून बघा. मग शंभर जोडण्या असलेला एक न्यूरॉन घ्या: ऐंशी जोडण्यांवर निव्वळ गोंगाट, वीस जोडण्यांवर एकत्र येणारे स्पाइक. काही वेळाने सगळ्या वेटचा स्तंभालेख काढलात तर त्यात दोन ढीग दिसायला हवेत, एक शून्याजवळ आणि एक कमाल मर्यादेजवळ. एकच ढीग दिसला तर घट आणि वाढ यांचं प्रमाण तपासा.

प्रोजेक्ट अहवालात परीक्षक काय विचारतील?

अचूकतेचा आकडा सगळेच दाखवतात. त्यासोबत शिकण्याआधीची आणि नंतरची वेट शेजारी शेजारी दाखवा. शिकणं बंद ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा आणि फरक सांगा, नाहीतर सुधारणा जोडण्यांमुळे झाली हे सिद्ध होत नाही. आणि प्रयोग चालू असताना मध्येच परिस्थिती बदलून पाहा. मागाचं उदाहरण घेतलं असेल तर फेरी ५०० वरून ५२० मिलिसेकंद करा, आणि वेगळ्या धावेत फेरी तीच ठेवून फक्त धोटा २० मिलिसेकंद उशिरा आणा. पहिल्या वेळी जाळ्याने जुळवून घ्यायला हवं, दुसऱ्या वेळी इशारा द्यायला हवा. दोन्हींचे आलेख एकाच पानावर लावा.